५४ अंडी आणि एक झारी

आमच्या घरात संक्रांत झाली की कांद्याची सालं टाकायची नाहीत असा नियम आहे. ओट्याखालच्या खणात एक कापडी पिशवी लटकवलेली असते, कांदा चिरला की वरची कोरडी, कुरकुरीत सालं तिच्यात जातात, आणि मार्च संपेपर्यंत ती पिशवी अशी फुगते की खण नीट बंद होत नाही. पहिल्या वर्षी आई इथे आली होती तेव्हा तिने ती पिशवी दोनदा कचऱ्यात टाकली आणि मी दोनदा बाहेर काढली. "अगं ही कशाला जपून ठेवतेस?" म्हणाली. म्हटलं, अंडी रंगवायला. त्यावर ती काही बोलली नाही, पण तिसऱ्या दिवशी भाजी करताना सालं आपणहून त्या पिशवीत टाकताना दिसली.

आम्ही एर्लांगनला राहतो, जर्मनीत, बायर्न म्हणजे बव्हेरिया राज्याच्या उत्तरेकडच्या फ्रांकन भागात. चार मजल्यांची जुनी बिल्डिंग, मागे सगळ्यांचं मिळून एक अंगण, त्यात एक सफरचंदाचं झाड, सायकलींची शेड, सरपणाची रास, आणि तळमजल्यावरच्या आजींच्या कुंड्या. त्यांना माझी लेक "खालच्या आजी" म्हणते, आणि आता सगळी बिल्डिंगच त्यांना तसं म्हणते, अगदी मराठीत, त्यांना स्वतःलाही ते आवडतं. तर या अंगणात ईस्टरच्या रविवारी मुलांसाठी अंडी लपवायची, म्हणजे ज्याला एग हंट म्हणतात ते करायचं, हे काम गेली दोन वर्षं माझ्याकडे आहे. कोणी दिलेलं नाही, मीच मागून घेतलं. का घेतलं ते आधी सांगते.

लेक तीन वर्षांची असताना आम्ही तिला एका मोठ्या कार्यक्रमाला घेऊन गेलो होतो. मैदान, दोरी लावलेली, शेकडो मुलं, गवतावर नुसती चॉकलेटची अंडी पसरलेली, लपवलेलं असं काही नाहीच, शिट्टी वाजली आणि सगळी मुलं पळाली आणि चार-पाच मिनिटांत गवत रिकामं. माझी लेक मध्ये उभी. तिच्या टोपलीत एक अंडं होतं, तेही दिसल्यावर एका मोठ्या मुलाने वाकून घेतलं, त्याचंही काही चुकलं असं मी म्हणणार नाही, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं की दुसऱ्याच्या टोपलीतलं घ्यायचं नसतं, पळा आणि गोळा करा एवढंच सांगितलं होतं. घरी येताना बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली आणि मग खूप वेळाने म्हणाली, "आई, मी हळू पळते का गं?"

ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. कारण हा खेळ पळण्याचा नाहीच आहे. हा शोधण्याचा खेळ आहे, आणि शोधायचं असेल तर आधी कोणीतरी नीट लपवायला हवं, आणि नीट लपवायचं म्हणजे ज्याच्यासाठी लपवतोय तो मुलगा, ती मुलगी डोळ्यांसमोर ठेवून लपवायला हवं.

हे मी कुठे शिकले तर आज्जीकडे. देवगडजवळ आमचं गाव, घरामागे खुराडं, सात-आठ कोंबड्या, त्यातली एक तांबडी कोंबडी कधीच खुराड्यात अंडं द्यायची नाही. कधी गवताच्या उडवीत, कधी नारळाच्या झावळ्यांखाली, एकदा तर पडवीतल्या जुन्या पंच्यांच्या गाठोड्यात. सकाळी ती ओरडत बाहेर आली की आज्जी मला म्हणायची, जा बघ कुठे घातलंन ते. मी सहा वर्षांची असेन. मी गुडघ्यावर रांगत उडवीच्या कडेकडेने हात घालत जायचे, आणि मग एकदम बोटांना ते गुळगुळीत, कोमट काहीतरी लागायचं. अजून अंगावर शहारा येतो ते आठवून. पुष्कळ वर्षांनी आईने सांगितलं की आज्जीला जागा माहीत असायची, ती कोंबडीच्या मागावर डोळे ठेवूनच भांडी घासायची. पण ती मला पाठवायची. आणि एक ताकीद असायची, सगळी अंडी उचलायची नाहीत, एक तिथेच ठेवायचं, म्हणजे कोंबडी उद्या त्याच जागी परत येते. रिकामं झालं की जागा बदलते.

असो. तर प्लॅनिंग.

पहिलं काम तारीख. ईस्टर दर वर्षी हलतो, आणि कसा हलतो हे आईला समजावताना मलाच पहिल्यांदा नीट कळलं. २१ मार्चनंतरची जी पौर्णिमा, किंवा त्याच दिवशी आली तर तीच, तिच्यानंतरचा रविवार. आईने लगेच कालनिर्णय काढलं. म्हणाली, म्हणजे चैत्री पौर्णिमा, म्हणजे हनुमान जयंती! आणि बऱ्याच वर्षी ते खरंच जुळतं. २०२२ ला हनुमान जयंती १६ एप्रिलला शनिवारी होती आणि ईस्टर दुसऱ्याच दिवशी, २०२३ ला ६ एप्रिल आणि ९ एप्रिल. २०२४ ला मात्र चुकलं, कारण आदल्या वर्षी अधिक श्रावण येऊन गेल्यामुळे आपला चैत्र उशिरा आला, आणि ईस्टर ३१ मार्चला म्हणजे होळीच्या पौर्णिमेनंतरच होऊन गेला. आता आई दर वर्षी फोनवर मला सांगते, तुमचा ईस्टर अमुक तारखेला येतोय हां. तिला तो आपल्या पंचांगातला वाटतो आणि मलाही आता तसाच वाटायला लागलाय, त्याच चंद्राखाली तिकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू, आंब्याची डाळ, पन्हं, आणि इकडे ही अंडी.

आता अंडीच का, तर ईस्टरच्या आधी ४० दिवसांचा उपास असतो, आणि पूर्वी त्या उपासाला मांसाबरोबर अंडीही चालत नसत. पण कोंबड्या काही उपास धरत नाहीत, त्या घालतच राहतात, आणि हे दिवस त्यांच्या भराचे. मग घराघरात अंडी साठायची, टिकावीत म्हणून उकडून ठेवायची, आणि उपास सुटला की हीऽऽ एवढी अंडी. श्रावण संपल्यावर आपल्याकडे मासळीवाल्यांकडे जी गर्दी होते ती ज्याने बघितलीय त्याला हे वेगळं समजवावं लागणार नाही.

आणि ससा? लेकीने मला विचारलं, ससा अंडी कशी देतो? मी उत्तर शोधायला लागले तर १६८२ साल सापडलं. गेओर्ग फ्रांक फॉन फ्रांकेनाऊ नावाचे हायडेलबर्गचे एक डॉक्टर होते, त्यांनी लॅटिनमध्ये ईस्टरच्या अंड्यांवर एक प्रबंध लिहिला, त्यात म्हटलंय की आल्सास (आता फ्रान्समध्ये आहे) आणि आजूबाजूच्या भागात लोक मुलांना सांगतात की ही अंडी ससा घालतो आणि बागेत गवतात, झुडपांत लपवतो, म्हणजे मुलं ती हौसेने शोधतील आणि मोठ्यांना बघून मजा वाटेल. डॉक्टर असल्यामुळे त्यांना खरी काळजी वेगळीच होती, अंडी जास्त खाल्ल्याने काय त्रास होतो याची. पण मला ते "बघून मजा वाटेल" फार आवडलं, साडेतीनशे वर्षांपूर्वीसुद्धा कोणीतरी आई-बाप खिडकीत उभे राहून बघत होते. तेव्हा ससा काही सगळीकडे नव्हता, कुठे कोल्हा अंडी आणायचा, स्वित्झर्लंडमध्ये कोकीळ, थुरिंगेनमध्ये करकोचा. मग जर्मन माणसं समुद्रापलीकडे गेली आणि ससा त्यांच्याबरोबर अमेरिकेत गेला.

इंग्लंडमध्येही हे जर्मन आईमुळेच रुजलं असं म्हणायला जागा आहे. राणी व्हिक्टोरियाची आई मूळची कोबुर्गची, आमच्याकडून ट्रेनने जेमतेम तासाभरावर असलेलं गाव. व्हिक्टोरिया १३ वर्षांची असताना, ७ एप्रिल १८३३ ला, तिने डायरीत लिहून ठेवलंय की मम्माने अंडी रंगवून सजवली आणि आम्ही ती शोधली. बस, एवढंच. पुढे तिने आणि तिच्या नवऱ्याने, अल्बर्टने, आपल्या मुलांसाठी तेच केलं. परक्या देशात राहणारी एक बाई आपल्या मुलीला आपल्या लहानपणातला खेळ देते, हे वाचल्यावर मी लॅपटॉप बंद करून थोडा वेळ नुसती बसले. मी तर उलटंच करतेय, इथला खेळ माझ्या लेकीला देतेय, पण माझं लहानपण त्यात आपोआप शिरतंच.

मग यादी. नऊ मुलं, वय अडीच ते दहा. प्रत्येकाला सहा अंडी, कमी नाही जास्त नाही, म्हणजे ५४. हा माझा एकमेव कडक नियम. प्रत्येकाने फक्त आपली अंडी उचलायची, दुसऱ्याचं दिसलं तर गप्प राहायचं किंवा फार तर हळूच डोळ्यांनी दाखवायचं. त्यासाठी अंड्यावर खूण हवी, आणि नऊ वेगवेगळे रंग काही घरगुती रंगांत होत नाहीत, म्हणून मी अक्षरं काढते. देवनागरी. प्रत्येकाच्या नावाचं पहिलं अक्षर. आता आमच्या बिल्डिंगमधली जर्मन मुलं, तुर्की मुलं, एक ब्राझिलची मुलगी, सगळ्यांना आपापलं अक्षर ओळखता येतं, "ल" वाला आणि "ले" वाली यांच्यात मात्रा एवढाच फरक आहे हे त्या दोघांनी स्वतःच शोधून काढलं आणि आता ते एकमेकांना मात्रा दाखवून चिडवतात.

दुसऱ्या मजल्यावर एक आपलंच कुटुंब आहे, त्यांच्याकडे अंडं चालत नाही. त्या ताईंनी फार संकोचून मेसेज केला होता, की आमच्या मुलीला नाही घेतलं तरी चालेल. मी लगेच वर गेले. म्हटलं असं कसं चालेल, लाकडी अंडी मिळतात इथे रंगवायला, तीन लाकडी आणि तीन कागदी, कागदी अंड्यांच्या आत राजगिऱ्याची वडी. शेंगदाण्याची चिक्की घालणार होते पण एका मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, अगदी हॉस्पिटलपर्यंत जाऊन आलाय तो, त्यामुळे शेंगदाणा अंगणातसुद्धा आणायचा नाही. बाकीच्यांना तीन उकडलेली आणि तीन चॉकलेटची. चॉकलेटचं प्रत्येक पाकीट उलटून मागचं वाचते. अडीच वर्षांच्या बाळाला आत खेळणं असलेलं अंडं द्यायचं नाही, घशात जाईल असं काहीच नाही. आणि तिसऱ्या मजल्यावरच्यांना सांगून ठेवायचं की कुत्र्याला संध्याकाळपर्यंत खाली सोडू नका, कुत्र्यांना चॉकलेट विषासारखं असतं.

न्यू जर्सीला माझी मावसबहीण असते, ती म्हणते एवढा खटाटोप कशाला, तिकडे प्लास्टिकची उघडणारी अंडी मिळतात, आत गोळ्या भरल्या की झालं. तिकडे हे मोठ्या प्रमाणावर असतं, व्हाइट हाऊसच्या हिरवळीवर १८७८ पासून मुलं ईस्टरच्या सोमवारी अंडी घरंगळवायला येतात. करतात ते करोत, छानच आहे. पण मला रंगवायचं असतं. खरं सांगायचं तर मला त्या दोन संध्याकाळी हव्या असतात.

गुड फ्रायडेला इथे सगळं बंद असतं, दुकानं बंद, बायर्नमध्ये त्या दिवशी नाचगाण्याचे कार्यक्रमही होत नाहीत, रस्ते शांत. त्यामुळे सामान गुरुवारपर्यंत आणावं लागतं, आणि पांढरी अंडी तर त्याच्याही आधी, कारण ती भराभर संपतात. तीस अंडी आणते, चोवीस लागतात, सहा जादा. मोठ्या पातेल्यात उकडायची, गार पाण्यात टाकायची, पुसून कोरडी करायची. मग पांढऱ्या मेणखडूने अक्षर काढायचं, जोर लावून, कारण ते दिसत नाही. पांढऱ्यावर पांढरं. तुम्ही काय लिहिलंत ते तुम्हालाही दिसत नाही, फक्त उजेडात तिरकं धरलं तर मेणाची चकाकी दिसते.

तीन पातेली. एकात कांद्याची सालं, अर्धा तास उकळून गाळलेली, त्याचं पाणी मोहरीच्या तेलासारखं गडद होतं आणि अंडं विटेच्या रंगाचं. दुसऱ्यात हळद, सांगलीची, आईने डब्यात भरून दिलेली. तिसऱ्यात लाल कोबी, म्हणजे तो खरं तर जांभळा असतो, आणि त्याचं पाणीही जांभळं, पण त्यात पांढरं अंडं रात्रभर ठेवलं की सकाळी निळं होऊन निघतं. जांभळ्यातून निळं! लेक दर वर्षी हे बघायला पहाटे उठते. प्रत्येकात चमचाभर व्हिनेगर, रंग धरायला. आणि पाणी पूर्ण गार झाल्याशिवाय अंडी टाकायची नाहीत, नाहीतर मेण वितळतं आणि अक्षर जातं, पहिल्या वर्षी माझी अख्खी पहिली बॅच तशी गेली.

काही अंड्यांवर कोथिंबिरीचं पान चिकटवते, ओलं करून, मग जुन्या नायलॉनच्या मोज्याचा तुकडा ताणून घट्ट गाठ मारायची आणि कांद्याच्या सालांच्या पाण्यात सोडायचं. ही युक्ती खालच्या आजींची. त्यांच्या आईने शिकवलेली, त्या काळी रंगाच्या पुड्या मिळायच्या नाहीत म्हणून. त्या पार्सलीचं पान घेतात, मी कोथिंबिरीचं. गाठ सोडली की विटकरी रंगावर पानाची एकेक शीर पांढरी उमटलेली असते. आम्ही दोघी माझ्या स्वयंपाकघरात बसून हे करतो, मला त्यांचं फ्रांकिश जर्मन अर्धंच कळतं, पण हात बघून कळतं. शेवटी अंडी चमकवायला त्या डुकराच्या चरबीचा तुकडा फिरवायच्या, आता माझ्याकडे आल्या की खोबरेल तेल लावतात, आणि हाताचा वास घेत बसतात.

त्यांनीच आम्हाला पहिल्यांदा विहिरी दाखवायला नेलं होतं. इथून जवळच फ्रँकिश श्वाइत्स म्हणून डोंगराळ भाग आहे, तिथल्या गावांत ईस्टरला विहिरी आणि पाण्याची कुंडं सजवतात, हिरव्या फांद्यांच्या कमानी आणि त्यावर रंगवलेल्या अंड्यांच्या माळा. बीबरबाख नावाच्या छोट्याशा गावात तर हजारो अंडी, हाताने रंगवलेली, पोकळ केलेली. का, तर तो सगळा चुनखडीचा पठारी भाग, पाऊस पडला की पाणी खडकातून खाली निघून जातं, वरच्या गावांना पाणी वाहून आणावं लागायचं. म्हणून वसंतात विहीर साफ करायची आणि तिचा मान करायचा. मला तिथे उभं राहून आमच्या गावची विहीर आठवली, मे महिन्यात तळाला गेलेली, आणि आज्जी तिला हळदकुंकू वाहायची ते. पाणी जिथे जपून वापरावं लागतं तिथली माणसं विहिरीशी कशी वागतात हे मला कोणी समजवायला नको होतं.

कॉलेजच्या होस्टेलवर माझी रूममेट वसईची होती, ख्रिश्चन, घरी बोलायची ती मराठीच, फक्त तिची वेगळी, गोड. ती ईस्टरनंतर मार्झिपॅनचं अंडं आणायची, काजूचं, वर साखरेची फुलं. तिला मी इथून फोटो पाठवले तर तिने लिहिलं की आमच्याकडे लपवणं वगैरे नव्हतं गं, चर्चमधली रात्रीची मिस्सा, म्हणजे प्रार्थना, झाली की अंडं हातात मिळायचं. मग पुढे लिहिलं, पण या वर्षी माझ्या पोरांसाठी केळीच्या बागेत लपवते. तिने खरंच लपवली. उन्हाने चॉकलेट वितळलं म्हणून पुढच्या वेळी सकाळी सहाला करणार म्हणाली.

आता लपवणं. हे मी कोणाला करू देत नाही, नवऱ्यालाही नाही.

शनिवारी संध्याकाळी मी अंगणात गुडघ्यावर बसून फिरते. खरंच, रांगत. कारण अडीच वर्षांच्या बाळाचे डोळे जमिनीपासून जिथे असतात तिथून अंगण वेगळं दिसतं. उभं राहून जे लपलेलं वाटतं ते त्याला समोर दिसतं, आणि मला जे स्पष्ट दिसतं, खिडकीच्या कट्ट्यावरचं, ते त्याच्यासाठी नसतंच. बाळाची सहा अंडी गवतावर अर्धी उघडी, सगळी एका सरळ रेषेत, एक सापडलं की तिथून दुसरं दिसेल अशी. चार-पाच वर्षांची मुलं खाली बघतात, वर बघत नाहीत, त्यांच्यासाठी गमबुटात, कुंडीमागे, सायकलच्या टोपलीत. आठच्या पुढची मुलं जागा ओळखून जातात, त्यांना जागेने नाही, रंगाने फसवायचं, पिवळं अंडं डॅफोडिलच्या पिवळ्या फुलांत, विटकरी अंडं सफरचंदाखालच्या वाळक्या पाचोळ्यात. डोळ्यांसमोर असतं आणि दिसत नाही.

आणि सगळ्यात मोठ्या मुलाला, दहा वर्षांचा, "यो" अक्षराचा, कोडी. त्याला आता लपाछपी बाळबोध वाटते म्हणाला होता, म्हणून त्याच्या तीन अंड्यांना कोडी घातली, मी मराठीत जुळवते आणि मग जर्मनमध्ये त्याचा अर्थ सांगते, एक असं होतं:

पोट मोठं, नाक लांब
पाऊस पाडते थांब थांब

अंडी ठेवायची मात्र रविवारी पहाटे. रात्री ठेवली तर कावळे आणि खारी नेतात, आणि एप्रिलमध्ये कधी बर्फ पडेल सांगता येत नाही. साडेपाचला मी खाली उतरले, अंधार, हातात टॉर्च आणि वही. वही फार महत्त्वाची, एकेक जागा लिहायची, कारण न सापडलेलं उकडलेलं अंडं मे महिन्यात स्वतःचा पत्ता स्वतःच सांगतं. गवतावर दव गोठलेलं, पायाखाली कुरकुर वाजत होतं. चर्चच्या घंटा सुरू झाल्या तेव्हा माझी शेवटची दोन राहिली होती. निळं "यो" मी खालच्या आजींच्या पत्र्याच्या झारीत ठेवलं, आत मऊ शेवाळ घालून, म्हणजे तडा जाणार नाही.

दहा वाजता मुलं आली. शिट्टी नाही. बाळ आधी, मग वयाने थोडी मोठी, मग मोठी, अशी पाच-पाच मिनिटांनी सोडली. मी सफरचंदाच्या झाडाशी उभी होते आणि मला फक्त एकीला बघायचं होतं.

लेक पळाली नाही. ती टोपली दोन्ही हातांनी धरून कडेकडेने चालली. झाडाच्या बुंध्याला एक खाच आहे, बरोबर तिच्या छातीच्या उंचीला, तिथे मी कोथिंबिरीच्या पानाचं विटकरी अंडं ठेवलं होतं. ती पुढे गेली. मी श्वास धरला. मग ती थांबली, दोन पावलं मागे आली, आणि खाचेसमोर उभी राहिली. उचललं नाही. नुसती बघत राहिली, डोकं एका बाजूला कलतं करून, मग एक बोट पुढे करून अंड्याला लावलं, गुळगुळीत आहे का बघितल्यासारखं. मग अक्षर बघितलं. मग माझ्याकडे वळून, ओरडून नाही, अगदी हळू, "आई, हे माझ्यासाठीच होतं." मी मान हलवली. बोलता येत नव्हतं मला.

पाऊण तासात ५३ सापडली. राहिलं ते झारीचं.

"यो" ने कोडं तिसऱ्या शब्दालाच ओळखलं होतं, "गीसकान्ने!" म्हणजे झारी, आणि धावत गेला, तर तिथे झारीच नाही. कुंड्या आहेत, झारीचा गोल ओला डाग आहे, झारी नाही. मी वही उघडून तीनदा वाचली. मग त्याच्या आईने आठवून सांगितलं, खालच्या आजी सकाळी सातला मुलीकडे गेल्या बांबर्गला, आणि रात्री पुन्हा थंडी पडणार म्हणून जाण्याआधी बाहेरचं सगळं तळघरात ठेवून कुलूप लावून गेल्या. मंगळवारी येणार.

मला इतकं वाईट वाटलं. सगळ्यांची सहा आणि ज्याने सगळ्यात अवघड कोडं सोडवलं त्याची पाच. म्हणून तर सहा जादा ठेवते, मी लगेच त्यातलं एक निळं काढून मेणखडू शोधायला लागले. तो म्हणाला, नको. माझं आहे की ते. फक्त कुलपाच्या आत आहे.

दुपारी आईचा व्हिडिओ कॉल. तिकडे गौरीपुढे आरास, मागे बायकांचा गलका. पहिला प्रश्न हाच, "किती लपवलीस, किती सापडली?" मी सगळं सांगितलं, झारीसकट, जरा रडवेली होऊनच सांगितलं. आई हातातलं पन्ह्याचं भांडं खाली ठेवत म्हणाली, "राहू दे की एक. आज्जी काय म्हणायची?" आणि मग लेकीला, जिने आज्जीला कधी पाहिलंच नाही, तांबड्या कोंबडीची अख्खी गोष्ट सांगितली, उडवी, झावळ्या, पंच्यांचं गाठोडं, आणि एक अंडं जागेवर ठेवायचं ते. लेकीने ती जशीच्या तशी अंगणात जाऊन "यो" ला जर्मनमध्ये सांगितली. त्यात कोंबडीचा रंग तिने निळा केला.

मंगळवारी शाळेला सुट्टीच होती. सकाळी नऊपासून "यो" तळघराच्या पायरीवर बसलेला, शेजारी टोपली, टोपलीत शेवाळ नीट पसरलेलं. माझी लेक त्याच्या बाजूला. खालच्या आजी साडेअकराला टॅक्सीतून उतरल्या, त्यांना काहीच माहीत नाही, दोन पोरं आपली वाट बघत का बसलीत कळेना, बॅग तिथेच ठेवून त्यांनी पर्समधून किल्ली काढली. "यो" ने आत जाऊन झारी दोन्ही हातांनी उचलली, कानाशी नेली आणि हलकेच हलवली.

आत काहीतरी घरंगळलं.

त्याने हात घातला, कोपरापर्यंत, आणि बाहेर काढलं. निळं, थंडगार, एकही तडा नाही, आणि त्यावर पांढरं "यो".

मग त्याने माझ्या लेकीच्या टोपलीतून तिने आणलेलं एक चॉकलेटचं अंडं घेतलं, झारीत शेवाळावर ठेवलं, आणि झारी होती तिथे, कुंड्यांच्या मधल्या त्या गोल डागावर, नेऊन ठेवली.